नडगीत दिसलेलं कोल्हापूर

कोल्हापुरातल्या प्रत्येक फुटबॉलवेड्याला रस्त्यात थांबवून सांगावी अशी एक गोष्ट मला सापडली आहे, आणि ती कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही! स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात १९८८ ते १९९० या तीन वर्षांत नडगीचं हाड मोडून आलेल्या माणसांची तिथल्या डॉक्टरांनी नोंद ठेवली. हाडं ५२३. कोण पडलं, कशानं पडलं, वय काय, हाड नेमकं कुठं मोडलं, कातडी फाडून बाहेर आलं की आतच राहिलं, सगळं टिपून ठेवलं. कोर्ट-ब्राउन आणि मॅकबर्नी या दोघांनी १९९५ साली ते प्रसिद्ध केलं. कारणांत पहिला नंबर रस्त्यावरच्या अपघातांचा, ३७ टक्क्यांच्या आसपास. आणि दुसरा? खेळाचा! जवळजवळ ३१ टक्के! खेळ म्हणजे तिथं मुख्यतः फुटबॉल.

हे वाचलं आणि डोळ्यांपुढं आपलं शाहू स्टेडियम उभं राहिलं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ हे संघ, पेठापेठांतून आलेली ती माणसं, तो आरडाओरडा. जगाच्या नकाशावर एडिंबरा कुठं आणि आपण कुठं, पण तिथल्या दवाखान्याच्या दप्तरात जे उमटलंय ते आपल्याच मंगळवार पेठेतलं वाटावं असं! एका हाडाची मोजदाद केली तर शहर कसं जगतं, कसं खेळतं, कशावर बसून कामाला जातं, हे सगळं त्यात दिसतं. ही कल्पनाच मला इतकी विलक्षण वाटली की मिळेल ते वाचत सुटलो.

निमित्त पुतण्याचं झालं. पेठेतल्या साध्या सरावात बूट मातीत रुतला, अंग वळलं, पाऊल मात्र वळलं नाही. आवाज बाहेर बसलेल्यांनाही ऐकू आला. मी पोहोचलो तर पोरगं डोळ्यांत पाणी आणून म्हणतंय, "काका, नळी गेली जणू." एक्स-रेमध्ये हाडाभोवती जिन्यासारखी फिरत गेलेली रेघ. वॉर्डात शेजारच्या खाटेवर पहाटे दूध घालायला निघालेला एक तरुण, त्याच्या पलीकडं शिरोलीच्या फाउंड्रीतला एक कामगार, कोपऱ्यात कॉलेजचा मुलगा. तिघांच्याही गाडीचा अपघात, तिघांचीही नडगीच. कुणीच चाळिशीच्या पुढचं नाही. मी डॉक्टरांना विचारलं, हे असं कसं? ते म्हणाले, "खुबा म्हातारपणी मोडतो, नडगी तरुणपणी. तुम्ही वाचा, तुम्हाला आवडेल." त्या एका वाक्यानं सगळं सुरू झालं. एडिंबऱ्याच्या त्या माणसांचं सरासरी वय ३७. डेन्मार्कच्या मोजणीत तर पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त नडग्या मोडतात त्या वयाच्या दहा ते वीस वर्षांत, आणि बायकांमध्ये तिशी ते चाळिशीत. तिथं पुरुषांचं प्रमाण वर्षाला लाखामागं २१.५ आणि स्त्रियांचं १२.३. डॉक्टरांचं बोलणं अक्षरशः आकड्यात उतरलेलं!

पण नडगीच का? आता हे वाचता वाचताच आपला हात गुडघ्याखाली ठेवा आणि पुढच्या बाजूनं घोट्यापर्यंत सावकाश खाली न्या. कातडी, आणि लगेच हाड. मध्ये काहीच नाही! मांडीच्या हाडाला चहूबाजूंनी मांसाची जाड गादी आहे, दंडाच्या हाडाला आहे. नडगीला फक्त मागून पोटरी आणि बाहेरच्या अंगाला थोडे स्नायू. आतली पुढची बाजू वरपासून खालपर्यंत उघडी. म्हणून तर टेबलाचा कोपरा लागला तरी जीव कळवळतो. आणि म्हणूनच शरीरातल्या लांब हाडांपैकी कातडी फोडून बाहेर येण्याचा मान, तो मान कुणाला नको असला तरी, सगळ्यात जास्त नडगीचाच. एडिंबऱ्यात चारांपैकी जवळजवळ एक हाड असं उघडं झालं होतं.

याहून मोठं आश्चर्य पुढं आहे. हाडालाही रक्त लागतं. नडगीला आतून रक्त पोचवणारी मुख्य रक्तवाहिनी मागच्या बाजूनं वरच्या भागात शिरते आणि हाडाच्या आतून खाली उतरते. बाहेरून रक्त मिळतं ते भोवतीच्या स्नायूंकडून. घोट्याकडचा खालचा तिसरा भाग पाहा: तिथं स्नायू संपून त्यांच्या नुसत्या दोऱ्या उरलेल्या. हाड मोडलं की आतली वाट तुटते आणि बाहेरून मदत करायला तिथं मांसच नाही! मग जुळायला महिनोन्‌महिने लागतात. मोठ्या माणसाची नडगी साधारण तीन ते पाच महिने घेते, कधी त्याहून जास्त, आणि काही जुळतच नाहीत. आपल्या घरी म्हातारी माणसं म्हणायची, "नळी लवकर धरत नाही." अगदी खरं बोलत होती ती!

मोडण्याच्या तऱ्हाही किती बोलक्या! पाऊल अडकून अंग फिरलं की पिळा पडल्यासारखी तिरकी गोल रेघ. पुढून थेट दणका बसला की आडवी. मोटारीचा बंपर नेमका उभ्या माणसाच्या नडगीच्या उंचीवर येतो, आणि तो बसला की मध्येच त्रिकोणी तुकडा सुटतो. अनुभवी डॉक्टर एक्स-रे बघूनच अपघात कसा झाला असेल ते सांगू शकतात. माझ्या पुतण्याच्या एक्स-रेकडं बघून आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "फुटबॉल का?"

स्कीइंगचं तर उदाहरण वाचून मी जागचा उठून उभा राहिलो. बर्फावर घसरणाऱ्यांची नडगी पूर्वी सर्रास मोडायची. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या एका डोंगरावर १९७२पासून काही संशोधक दुखापती मोजत बसले. वर्षं गेली, बूट उंच आणि टणक झाले, पडल्यावर पायातून आपोआप सुटणाऱ्या पट्ट्या सुधारल्या, आणि नडग्या मोडणं झपाट्यानं घटलं. पण गुडघ्याचा सांधा बांधून ठेवणारे दोर तुटण्याचं प्रमाण पुढं आलं! मोजत राहिले म्हणून तर हे दिसलं.

आता मुख्य प्रश्न, ज्यासाठी मी रात्री जागवल्या: नडग्या मोडणं वाढतंय की कमी होतंय?

स्वीडननं १९९८ ते २००४ या सात वर्षांतल्या दवाखान्यांच्या सगळ्या नोंदी काढल्या. नडगीच्या मधल्या भागाची १०,६२७ मोडलेली हाडं. वर्षाला लाख माणसांमागं १७. आणि सात वर्षांत ते प्रमाण उतरलं, मुख्यतः पुरुषांमध्ये. तिथं जवळजवळ निम्मी माणसं कुठून वरून किंवा गाडीवरून पडलेली नव्हती; ती नुसती चालता चालता सपाट जमिनीवर पडली होती. वाहनांचे अपघात एकवीस टक्के. कातडी फुटलेली हाडं बारा टक्केच. एडिंबऱ्यातलं १९९०पर्यंतचं चित्र आणि स्वीडनचं हे चित्र शेजारी ठेवून बघा. रस्ते शहाणे झाले, गाड्या सुधारल्या, आणि ते बदल माणसांच्या नडगीत नोंदले गेले असावेत! एडिंबऱ्यातही २००० साली मोठ्या माणसांतलं प्रमाण लाखामागं २१.५ होतं आणि नंतरच्या मोजणीत ते आणखी खाली आलं. डेन्मार्कचा एकूण आकडा १६.९. तीन वेगवेगळे देश, वेगवेगळी माणसं मोजणारी, आणि आकडे एकमेकांच्या इतके जवळ!

म्हणजे कमी होतंय, आनंद आहे, असं म्हणेपर्यंत जगाचा हिशेब हातात आला. २०१९ सालात जगभरात सगळ्या प्रकारची मिळून १७ कोटी ८० लाख हाडं मोडली. १९९०च्या तुलनेत ३३ टक्क्यांहून जास्त वाढ. पण वयाचा फरक काढून टाकून लाखामागचं प्रमाण बघितलं तर ते साडेनऊ टक्क्यांनी घटलेलं! दोन्ही एकाच वेळी खरं. लोकसंख्या वाढली, माणसं जास्त जगू लागली, म्हणून मोडणारी हाडं वाढली. एकेका माणसाचा धोका मात्र थोडा कमी झाला. आणि सगळ्या हाडांत पहिला नंबर कुणाचा? गुडघ्याची वाटी, नडगी, तिच्या शेजारचं बारीक हाड आणि घोटा या एकत्र गटाचा: लाखामागं सुमारे ४२०. मनगट, खुबा, मणका, सगळ्यांच्या पुढं गुडघ्याखालचा पाय.

मग आपलं काय? आपल्याकडची गोष्ट रस्त्यापासून सुरू होते. देशात १९७० साली रस्ते अपघातांत जखमी झालेल्यांची सरकारी नोंद ७० हजारांच्या घरात होती. २०२२ साली ती ४ लाख ४३ हजार. सहापटीहून जास्त. त्या वर्षी रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. मोटारीतल्या माणसाच्या पायाभोवती निदान पत्रा तरी असतो. दुचाकीवर दोन्ही नडग्या पुढं आणि बाजूला, उघड्या. समोरून घासलं तरी तीच, बाजूनं धडकलं तरी तीच, गाडी अंगावर पडली तरी तीच. तावडे हॉटेलच्या चौकात संध्याकाळी उभं राहून बघा: हायवेवरून येणाऱ्या बस, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पाळ्या सुटलेल्या, गळीत हंगाम असेल तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि त्या सगळ्यांच्या मधून वाट काढणाऱ्या शेकडो दुचाक्या. स्वीडनमध्ये नडगी बर्फानं मोडत असेल. आपली कशानं मोडते ते या चौकात उघड दिसतं.

मी एक साधा गुणाकार केला. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार. स्वीडनचं लाखामागं १७ हे प्रमाण जसंच्या तसं लावलं तर वर्षाला साडेसहाशेहून जास्त नडग्या. दिवसाला जवळजवळ दोन! हा हिशेब परक्या देशाच्या प्रमाणानं केलेला, आणि तोही त्या देशाच्या, जिथले रस्ते जगातल्या सगळ्यात सुरक्षित रस्त्यांत गणले जातात. हा आकडा हातात घेऊन मी त्या वॉर्डात परत गेलो आणि खाटा बघितल्या. प्रत्येक नडगीमागं कुणाचा तरी हंगाम गेलेला, कुणाची पाळी बुडालेली, कुणाचं दूध घालायचं थांबलेलं.

आणि नुसता अपघातच कशाला? पहाटे रंकाळ्यावर, विद्यापीठाच्या आवारात, गावोगावच्या डांबरी रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. सैन्यात जायचं, पोलिसात जायचं, म्हणून कालपर्यंत न पळालेला मुलगा आज एकदम मैलोन्‌मैल पळतो. हाडाला रोज थोडी झीज होते आणि विश्रांती मिळाली की ती हळूहळू भरून निघते. झीज भरण्याआधीच नवी झीज झाली की हाडाला केसाएवढी चीर पडते. पळणाऱ्यांत आणि सैन्यातल्या नव्या जवानांत ही चीर सगळ्यात जास्त सापडते ती नडगीत! पहिल्या एक्स-रेत ती बहुतेक वेळा दिसतच नाही. नडगीच्या एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते, पळालं की वाढते, विश्रांतीनं कमी होते. अशा पोराला "सोस, भरती जवळ आलीय" म्हणू नका, कृपा करून. काही आठवडे थांबलं तर चीर भरते, रेटत राहिलं तर हाड मोडू शकतं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त भारावून टाकणारं काय मिळालं, तर नडगीचा इतिहास फिरत फिरत आपल्या शेजारी येऊन थांबतो! कोल्हापूरचा माणूस अवघड दुखणं आलं की वर्षानुवर्षं मिरजेची वाट धरत आला. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथं दवाखाना उभारला तेव्हापासून. मिरजेचंच एक नाव मला या वाचनात थेट सैबेरियापर्यंत घेऊन गेलं.

सैबेरियातलं कुर्गान हे आडबाजूचं शहर. तिथं गाव्रिल इलिझारोव्ह नावाचा डॉक्टर १९५०च्या दशकापासून न जुळणाऱ्या हाडांवर काम करत होता. पायाभोवती धातूची कडी, त्यांतून हाडात आरपार गेलेल्या बारीक तारा, आणि बाहेर फिरवायचे नट. हाड मुद्दाम कापायचं आणि दोन टोकं दिवसाला १ मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, एकमेकांपासून दूर न्यायची. मधल्या फटीत शरीर स्वतः नवं हाड तयार करतं! मोडलेलं जोडणं सगळ्यांना माहीत होतं, पण हाड उगवतं हे या माणसानं दाखवलं. वालेरी ब्रुमेल हा सोव्हिएत उंच उडीपटू, १९६३ साली २.२८ मीटरचा जागतिक विक्रम केलेला, १९६४चा ऑलिंपिक सुवर्णविजेता. १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय गुडघ्याखाली चुरडला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, हाड धरेना. शेवटी तो कुर्गानला गेला, आणि पुन्हा उडी मारायला लागला. पुढं कार्लो मौरी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाची कित्येक वर्षं न जुळलेली नडगी. हा माणूस थोर हेयरदाल नावाच्या नॉर्वेजियन दर्यावर्दीबरोबर पपायरसच्या नावेतून अटलांटिकवर गेलेला. त्याच नावेवर एक सोव्हिएत डॉक्टर होते, त्यांनी त्याला कुर्गानचा पत्ता दिला. १९८० साली तो तिथं गेला आणि बरा होऊन परतला. दुसऱ्याच वर्षी इटलीच्या डॉक्टरांनी इलिझारोव्हना व्याख्यानाला बोलावलं, आणि ही विद्या सोव्हिएत हद्दीबाहेर आली. एका नडगीनं पोलादी पडदा उघडला!

आणि भारतात ती रुजवणाऱ्यांत आघाडीवर कोण? मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर! अस्थिरोगशास्त्राचा भला मोठा पाठ्यग्रंथ संपादित करणारे हेच. देशभरातून न जुळलेल्या नडग्या घेऊन माणसं आपल्या शेजारच्या गावात येत राहिली, आणि मी इतकी वर्षं मिरजेला लग्नकार्यांना जात होतो, ही गोष्ट मला माहीत नव्हती. आता मिरज स्टेशन आलं की माझ्या मनात कुर्गान येतं.

माझ्या पुतण्याला कड्यांची गरज पडली नाही. त्याच्या नडगीत गुडघ्याखालून रॉड टाकला. तीही कथा आहेच: हाडाच्या पोकळीतून सळई घालायची कल्पना गेरहार्ट क्युंट्शर या जर्मन सर्जननं १९४० साली मांडली तेव्हा ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. आज कोल्हापुरात कुठल्याही पेठेत "रॉड टाकलाय" म्हटलं की शेंबडं पोरही समजतं.

हे सगळं वाचल्यावर नुसतं थक्क होऊन बसता येत नाही, म्हणून काही गोष्टी कळकळीनं सांगतो. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनो, सरावालाही शिनगार्ड घाला. सामन्यात ते सक्तीचे होऊन तीसहून जास्त वर्षं झाली, पण पाय सरावातही तोच असतो. पीळ पडून मोडणारं हाड त्यानं वाचेलच असं नाही, समोरून बसणारा दणका मात्र तो बराच झेलतो. नडगी मोडली असं वाटलं तर पाय आहे तसा लाकडाच्या पट्टीला किंवा दुसऱ्या पायाला सैलसर बांधा, १०८ला फोन करा. चोळू नका, ओढू नका, आणि गच्च बांधून तर मुळीच घेऊ नका. गुडघ्याखालचे स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत असतात. आत सूज वाढली की रक्त थांबतं आणि काही तासांत पाय कायमचा जाऊ शकतो. दुखणं औषधानंही आवरत नाही, बोटं हलवली की जीव जातो, पाय बधिर होतो: ही लक्षणं दिसली की रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. हाड कातडीबाहेर आलं असेल तर स्वच्छ कापड ठेवा आणि निघा. प्रतिजैविक जितकं लवकर मिळेल तितकी पाय वाचण्याची शक्यता जास्त.

आणि एक मागणं. स्वीडननं २०११ साली गोथेनबर्गच्या दवाखान्यातून मोडलेल्या हाडांचं राष्ट्रीय दप्तर सुरू केलं आणि ते देशभर पसरलं. त्याला महागडं यंत्र लागलं नाही. प्रत्येक डॉक्टरनं प्रत्येक हाडामागं काही ओळी भरायचं ठरवलं. आपल्याकडं सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय आहे, त्याला जोडलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची तरुण मुलं आहेत, हाडांचे इतके नावाजलेले डॉक्टर आहेत, आणि फुटबॉलचा हंगाम चालवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, आहे. वय, ठिकाण, कारण, शिनगार्ड होतं का, गाडी कुठली, रस्ता कुठला, एवढं लिहिलं तरी पाच वर्षांत कळेल की कुठल्या चौकात, कुठल्या मैदानावर, कुठल्या महिन्यात आपली पोरं जायबंदी होतात. डॉक्टरांनो, केएसएच्या कार्यकर्त्यांनो, तालमींच्या वडीलधाऱ्यांनो, एकत्र बसा आणि येत्या हंगामापासून कोल्हापूरच्या नडग्यांची नोंद सुरू करा. लिहायला हात कमी पडले तर मी येतो.